सुईवर विश्वास टाकता येईल असा कंपास कसा निवडायचा

धुक्यात किंवा दाट झाडीत एक क्षण असा येतो की आपलं डोकं म्हणतं वाट डावीकडे आहे आणि हातातली सुई म्हणते उजवीकडे. कंपास घ्यायचा तो या एका क्षणासाठी. बाकी वेळी, म्हणजे वाट दिसतेय, ऊन पडलंय, समोरची टेकडी ओळखीची आहे, तेव्हा कुठलाही कंपास चालतो, किचेनला लटकवलेला पण चालतो. पण त्या क्षणी तुम्ही स्वतःचं ऐकणार की सुईचं, हे तुम्ही त्या सुईची आधी किती पारख केलीये त्यावर ठरतं.

आणि डोक्यावर भरवसा ठेवू नका हे मी उगाच सांगत नाहीये. २००९ साली जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेतल्या यान साउमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांना जीपीएस लावून मोठ्या जंगलात आणि सहारा वाळवंटात नुसतं सरळ चालत राहायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर लोक बऱ्यापैकी सरळ गेले, पण ढगाळ दिवशी जंगलात ते गोल फिरून स्वतःचीच वाट ओलांडून गेले आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. डोळ्यांवर पट्टी बांधून चालवलं तेव्हा तर काहींचे गोल जेमतेम २० मीटर व्यासाचे निघाले. म्हणजे आपण ज्याला नाकासमोर चालणं म्हणतो ते प्रत्यक्षात नाकासमोर नसतंच.

माझ्या बाबतीत मात्र उलटं झालं होतं, डोकं बरोबर होतं आणि कंपास चुकीचा. बरीच वर्षं वापरलेला, चांगला कंपास, पण महिनाभर तो बॅगेच्या ज्या खिशात पडला होता त्याच खिशात मी फोन ठेवत होतो आणि फोनच्या कव्हरला बंद व्हायला चुंबक होतं. पठारावर ढग उतरले, मी बेअरिंग (जायच्या दिशेचा उत्तरेपासूनचा कोन) घेतलं, सोबतचा मित्र म्हणत होता अरे आपण मागे चाललोय बहुतेक, मी म्हणालो कंपास खोटं बोलत नाही, आणि चाळीस मिनिटांनी ढग फाटले तेव्हा सूर्य भलत्याच बाजूला होता. सुईचे ध्रुव उलटे झाले होते, लाल टोक दक्षिण दाखवत होतं. त्या दिवशी काही वाईट झालं नाही कारण पठार मोठं होतं आणि कडा लांब होता. त्यानंतर मी कंपास हा विषय जरा मनावर घेऊन समजून घेतला, आणि जे समजलं ते इथे सांगतोय.

आधी हे समजून घ्या की ती सुई किती बारीक ताकदीवर काम करते. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जागेनुसार साधारण २५ ते ६५ मायक्रोटेस्ला इतकंच असतं. फ्रिजवर चिकटवायचं साधं चुंबक त्याच्या पृष्ठभागापाशी याच्या शंभरपटीच्या घरात असतं. त्यातही सुईला वळवायला या क्षेत्राचा फक्त आडवा भाग कामी येतो, उभा भाग सुईला वळवत नाही, नुसता खाली ओढतो (यावर पुढे बोलू). म्हणजे इतक्या कमी जोरावर सुईनं वळायचं, थांबायचं आणि दर वेळी त्याच जागी थांबायचं. ती ज्या टोकावर तोललेली असते तिथे जरा जरी घर्षण जास्त झालं तर ती दोनपाच अंश आधीच अडकते, आणि अडकलेली सुई दिसायला अगदी शांत, खात्रीची दिसते, हाच त्यातला धोका. चांगल्या कंपासमध्ये सुईच्या मध्यावर नीलमसारख्या कठीण कृत्रिम खड्याची बैठक असते आणि ती अणकुचीदार टोकावर टेकलेली असते, स्वस्तात स्वस्त कंपासमध्ये तिथे नुसता दाबून खड्डा पाडलेला पत्रा किंवा प्लॅस्टिक असतं. बाहेरून हे दिसत नाही, पण चाचणीत लगेच कळतं.

दुसरी गोष्ट म्हणजे आतलं द्रव. सुई कोरड्या डबीत असली तर ती बराच वेळ डोलत राहते, चालताना तर थांबतच नाही, म्हणून डबीत पातळ तेलासारखं न गोठणारं द्रव भरतात, त्याने सुई दोनचार सेकंदांत स्थिर होते आणि तिचा थोडा भारही द्रव उचलतं त्यामुळे टोकाची झीज कमी होते. आज आपण जो हातातला कंपास म्हणतो तो १९३० च्या दशकात घडला, स्वीडनमध्ये शेलस्ट्रॉम बंधूंनी १९३३ मध्ये सिल्वा ही कंपास कंपनी सुरू केली आणि फिनलंडमध्ये तुओमास वोहलोनेन या ओरिएंटिअरिंग (नकाशा आणि कंपास घेऊन पळायची शर्यत) करणाऱ्या इंजिनिअरनं १९३६ मध्ये सुंतो. दोघांच्या डोक्यात एकच होतं, पळता पळता वापरता येईल असं काहीतरी हवं. काही लष्करी कंपासमध्ये द्रव नसतं, तिथे सुईखालच्या चकतीच्या भोवती तांब्यासारखा धातू असतो, चुंबक हललं की त्या धातूत विजेचे भोवरे तयार होतात आणि तेच त्याला रोखतात. द्रवच नाही म्हणून बुडबुड्याचा प्रश्न नाही, हा त्याचा खरा फायदा.

बुडबुड्याबद्दल लोक खूप घाबरतात म्हणून इथेच सांगतो. उंचावर हवेचा दाब कमी होतो आणि थंडीत द्रव डबीपेक्षा जास्त आकसतं, त्यामुळे बारीकसा बुडबुडा येतो, खाली आल्यावर किंवा ऊब मिळाल्यावर जातो, त्यानं काही बिघडत नाही. पण खोलीच्या तापमानाला पण बुडबुडा राहतोय, दर महिन्याला मोठा होतोय, सुई फिरताना त्याला अडतेय, असं असेल तर डबी गळतेय. गळणारा कंपास दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका, बदला. नवीन घेतानाच बुडबुडा दिसला तर तो घ्यायचाच नाही, मग दुकानदार काही का म्हणेना.

आता पारख. ऑनलाइन मागवला असेल तर परत करायची मुदत संपायच्या आत हे सगळं करा, आणि घरात नको, मोकळ्या मैदानात करा, कारण स्लॅबमध्ये लोखंडी सळ्या असतात, लाकडी टेबलातही स्क्रू असतात आणि तिथे मिळालेला निकाल कंपासचा नसून टेबलाचा असतो. फोन, किल्ल्या, घड्याळ लांब ठेवा. कंपास दगडावर किंवा जमिनीवर सपाट ठेवा, सुई थांबली की डबीभोवतीचं अंश छापलेलं कडं फिरवून आकडा वाचा. मग एक लोखंडी किल्ली जवळ आणून सुई बाजूला ओढा आणि किल्ली पटकन लांब न्या. सुई परत येऊन थांबली की पुन्हा आकडा. हेच आठदहा वेळा करा, काही वेळा डावीकडून ओढा, काही वेळा उजवीकडून. चांगला कंपास दर वेळी त्याच आकड्यावर येतो, फार तर एखाद्या अंशाचा फरक. डावीकडून ओढल्यावर एक आकडा आणि उजवीकडून ओढल्यावर तीनचार अंश वेगळा आकडा असं सारखं होत असेल तर टोकावर घर्षण आहे, सरळ परत करा. माझ्या मते ही एकच चाचणी सगळ्या जाहिरातींपेक्षा जास्त सांगते, आणि तिला पाच मिनिटं लागतात.

मग कंपास हातात धरून थोडा तिरका करा, दहापंधरा अंश, आणि हळूहळू स्वतःभोवती फिरा. सुई छताला किंवा तळाला घासून अडकतेय का बघा. प्रत्यक्षात कोणी कंपास पाणसळ लावून धरत नाही, दमलेल्या हातात तो तिरकाच असतो. फिरतं कडं फिरवून बघा, ते हातमोजे घालून पण फिरलं पाहिजे पण खिशात आपोआप फिरता कामा नये, सैल कडं हा फार त्रासदायक दोष आहे कारण तुम्ही लावलेलं बेअरिंग तुम्हाला न कळत बदलतं. आतल्या समांतर रेषा आणि उत्तरेचा बाण एकमेकांना खरंच समांतर आहेत का, कडं ० वर आणलं की ते डबीखालच्या पट्टीच्या कडेशी समांतर होतात का, हे नुसत्या डोळ्यांनी पण कळतं. नामांकित मॉडेलसारख्याच दिसणाऱ्या नकला मिळतात, त्या बहुतेक वेळा इथेच पकडल्या जातात, छपाई जरा फिरलेली, आकडे फाटल्यासारखे, बाण किंचित वाकडा.

शेवटी एक ओळखीची दिशा घेऊन तपासा. लांबवर दिसणारी दोन ठिकाणं घ्या जी नकाशावर पण आहेत, एका जागेवरून दुसरीचं बेअरिंग घ्या, मग दुसऱ्या जागी जाऊन पहिलीचं. दोन्हीत १८० अंशांचा फरक यायला हवा, दोनतीन अंश इकडेतिकडे झाले तर ते तुमच्या हाताचं. जास्त आला तर एका जागी तरी आसपास लोखंड आहे.

आता प्रकार कुठला घ्यायचा. यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, पण नकाशा घेऊन चालणाऱ्या माणसासाठी उत्तर सोपं आहे, बेसप्लेट कंपास, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकच्या पट्टीवर बसवलेली फिरती डबी. तो का हे कळायला त्याचं काम बघा. पट्टीची लांब कड नकाशावर मी इथे आणि मला जायचंय तिथे या दोन बिंदूंना जोडून ठेवायची, पट्टीवरचा बाण जायच्या दिशेला. मग कडं फिरवून डबीतल्या रेषा नकाशाच्या उभ्या रेषांना समांतर करायच्या, बाणाचं टोक नकाशाच्या उत्तरेकडे. आता कंपास नकाशावरून उचलून छातीसमोर धरायचा आणि स्वतः फिरायचं, सुईचं लाल टोक डबीतल्या बाणाच्या घरात येईपर्यंत. लाल घरात आली की पट्टीवरचा बाण जिकडे दाखवतो तिकडे चालायचं. झालं. यात सुईच्या आकड्याला हातही लावला नाही, कोन मोजला नाही, वेगळा कोनमापक लागला नाही. म्हणून पट्टी लांब हवी, दहाबारा सेंटीमीटर तरी, छोट्या पट्टीनं नकाशावरचे लांबचे बिंदू जोडताना हात हलतो आणि चूक वाढते. पट्टीच्या कडेवर तुमच्या नकाशाचं प्रमाण छापलेलं असेल, १:२५,००० किंवा १:५०,०००, तर अंतर थेट मोजता येतं, नसेल तर साधी मिलिमीटरची पट्टी असली तरी भागतं.

याच कंपासला आरशाचं झाकण असलं की तो आरशाचा कंपास. डोळ्यासमोर धरून लांबचा सुळका झाकणाच्या खाचेत पकडायचा आणि त्याच वेळी आरशात सुई बघायची, त्यामुळे नेम जास्त अचूक लागतो. साध्या बेसप्लेटनं हातात धरून तीनचार अंशांची चूक सहज होते, आरशानं ती एकदोन अंशांवर येते. याचा अर्थ काय ते अंतरात बघा, १ अंशाची चूक म्हणजे १ किलोमीटर चालल्यावर साधारण साडेसतरा मीटर बाजूला, ५ अंशांची चूक म्हणजे जवळपास ८७ मीटर. जंगलात पायवाट शोधत असाल तर ८७ मीटर खूप झाले. वर झाकणामुळे डबी सुरक्षित राहते आणि आरसा उन्हात चमकवून मदतीची खूण करता येते. मला विचाराल तर लांबच्या मोकळ्या प्रदेशात फिरणाऱ्यानं आरशाचा घ्यावा, झाडीत फिरणाऱ्याला लांबचं काही दिसतच नाही, त्यानं साधा घ्यावा, उगाच वजन वाढवू नये.

धातूच्या डबीतला, झाकण उघडल्यावर तार आणि भिंग असलेला जो मिलिटरी कंपास असतो तो बऱ्याच जणांना आवडतो आणि खरा असेल तर तो नेम धरायला खूप चांगला असतो, दणकट पण असतो. पण त्याला पारदर्शक पट्टी नाही, नकाशावर कोन काढायला वेगळा कोनमापक लागतो. आणि त्याची हिरव्या रंगाची हुबेहूब दिसणारी जी स्वस्त आवृत्ती सगळीकडे मिळते ती मी कुणालाच घ्यायला सांगणार नाही, भिंग आकड्यांवर नीट बसत नाही, तार वाकडी, चकती घासते. बटणाएवढे कंपास, घड्याळाच्या पट्ट्यात अडकवायचे, शिट्टीला लावलेले, हे उत्तर दिशा साधारण कुठे आहे एवढंच सांगतात, दुसरा आधार म्हणून ठीक. अंगठ्यात अडकवायचा कंपास शर्यतीत धावणाऱ्यांसाठी बनलाय आणि तिथे तो उत्तमच आहे.

आकडे ३६० अंशांचेच घ्या. बाजारात ४०० भागांचे पण असतात, ६४०० मिल्सचे लष्करी असतात, काहींवर दोन्ही वर्तुळं छापलेली असतात, आणि थंडीत दमलेल्या डोळ्यांनी चुकीचं वर्तुळ वाचायला वेळ लागत नाही.

आता तो झुकण्याचा मुद्दा, जो घेताना बहुतेकांना माहीतच नसतो. पृथ्वीचं क्षेत्र जमिनीला समांतर फक्त चुंबकीय विषुववृत्तापाशी असतं. जसजसं उत्तरेला जाल तसं सुईचं उत्तर टोक जमिनीकडे झुकतं, दक्षिणेला गेलात की दक्षिण टोक. लंडनपाशी हा झुकाव ६६ अंशांच्या आसपास आहे, म्हणजे मोकळी टांगलेली सुई तिथे आडवी राहायच्या ऐवजी जवळपास जमिनीतच बघते. रॉबर्ट नॉर्मन नावाच्या लंडनच्या उपकरणं बनवणाऱ्यानं १५८१ सालीच यावर सविस्तर लिहून ठेवलंय, कारण त्याला प्रत्येक सुई तोलून द्यावी लागायची. आज कारखान्यातही तेच करतात, सुईच्या दुसऱ्या बाजूला किंचित वजन देऊन ती त्या त्या पट्ट्यासाठी आडवी तोलतात. म्हणून कंपासवर किंवा खोक्यावर उत्तर गोलार्ध, विषुववृत्त, दक्षिण गोलार्ध अशा अर्थाची खूण असते, सिल्वा एमएन, एमई, एमएस लिहिते. उत्तर गोलार्धाचा कंपास ऑस्ट्रेलियात नेला तर सुई तिरकी होऊन तळाला घासते, आणि वर सांगितलेली तिरका धरायची चाचणी तिथे तो लगेच नापास होतो. परदेशातून कुणाकडून मागवताना हे आवर्जून बघा. खंड बदलून फिरणार असाल तर ग्लोबल सुईचा कंपास घ्या, त्यात चुंबक आणि सुई वेगवेगळी जोडलेली असतात त्यामुळे झुकाव सुईपर्यंत येत नाही. महाग असतो, पण एकाच भागात फिरणाऱ्याला त्याची गरज नाही.

यापेक्षा जास्त गोंधळ डिक्लिनेशनचा होतो. सुई जी उत्तर दाखवते ती चुंबकीय उत्तर, नकाशाची उत्तर वेगळी, आणि या दोन्हींमधला कोन म्हणजे डिक्लिनेशन. जेम्स क्लार्क रॉस हा ब्रिटिश नौदल अधिकारी १ जून १८३१ ला कॅनडाच्या वरच्या टोकाला बूथिया द्वीपकल्पावर उत्तर चुंबकीय ध्रुवापाशी पोचला होता. तो ध्रुव तिथे थांबला नाही, सरकत सरकत सैबेरियाच्या दिशेला गेलाय आणि या शतकाच्या सुरुवातीला त्याचा वेग वर्षाला ५० किलोमीटरच्या वर होता. का, तर हे क्षेत्र पृथ्वीच्या बाहेरच्या गाभ्यातल्या वितळलेल्या लोखंडाच्या हालचालीतून तयार होतं, आणि ते लोखंड सतत वाहतंय. त्यामुळे प्रत्येक ठिकाणी सुई आणि खरी उत्तर यांच्यातला कोन वेगळा आणि तोही दर वर्षी थोडा बदलणारा. काही ठिकाणी तो शून्याच्या आसपास आहे, तिथल्या लोकांना याचा कधी त्रासच होत नाही, पण न्यूझीलंडच्या बऱ्याच भागात तो २० अंशांच्या आसपास आहे. १० अंशांचा कोन विसरलात आणि ३ किलोमीटर चाललात तर पाचशे मीटरहून जास्त बाजूला जाता, म्हणजे चुकीच्या दरीत.

म्हणून घेताना एवढं बघा की तुम्ही जिथे फिरता तिथे हा कोन किती आहे. एकदोन अंशच असेल तर साधा कंपास पुरे, विसरलात तरी हाताच्या चुकीत जिरून जातं. पाचसहा अंशांच्या वर असेल तर डिक्लिनेशन लावता येणारा कंपास घ्या, त्यात छोट्या स्क्रूनं किंवा नखानं आतला बाण तेवढे अंश सरकवून ठेवता येतो आणि मग दर वेळी बेरीज वजाबाकी करायला नको. आणि तुम्हाला सांगतो, ती बेरीज वजाबाकी घरी खुर्चीत बसून सोपी वाटते, पावसात भिजलेल्या माणसाला अधिक की उणे हे आठवत नाही आणि चिन्ह चुकलं की चूक दुप्पट होते. कोन किती हे नकाशाच्या कडेला छापलेलं असतं पण नकाशाचं साल बघा, जुना असेल तर आकडा शिळा झालेला असतो. जगभराचं चुंबकीय मॉडेल दर पाच वर्षांनी नवीन काढतात, आत्ताचं २०२५ चं आहे, आणि अमेरिकेच्या नोआ (NOAA) या हवामान आणि समुद्र संस्थेच्या साइटवर ठिकाण टाकलं की आजचा कोन मिळतो. निघायच्या आधी बघून नकाशावर पेन्सिलनं लिहून ठेवायचं.

मग फोन आहे ना, कंपास कशाला, हा प्रश्न येतोच. फोनमध्ये पण चुंबकीय क्षेत्र मोजणारा सेन्सर असतो, तो वाईट नाही, पण त्याच्या शेजारीच स्पीकरचं चुंबक, बॅटरी, कव्हर हे सगळं असतं म्हणून तो वरचेवर आठच्या आकड्यात फिरवून कॅलिब्रेट करावा लागतो, आणि तो कधी बिघडलाय हे दिसत नाही, आकडा तेवढ्याच ठामपणे दिसत राहतो. जीपीएस तुम्ही कुठे आहात ते उत्तम सांगतं पण तुमचं तोंड कुठे आहे हे त्याला तुम्ही चालायला लागल्याशिवाय कळत नाही. मी दोन्ही वापरतो, कुठे आहे ते फोनवरून, कुठे जायचं ते सुईवरून. बॅटरी संपली की पहिल्या प्रश्नाचं उत्तर नकाशा आणि डोळ्यांवरून शोधावं लागतं, दुसऱ्याचं उत्तर तरी शाबूत राहतं.

रात्री वाचता यावा म्हणून चमकणाऱ्या खुणा असतात. साध्या खुणा टॉर्चच्या उजेडात धरल्या की थोडा वेळ चमकतात आणि बहुतेकांना एवढं पुरतं. ट्रिटियम या किरणोत्सर्गी वायूच्या नळ्या स्वतःहून चमकतात पण ट्रिटियमचं अर्धं आयुष्य सव्वाबारा वर्षांचं, म्हणजे तेवढ्या काळात उजेड निम्मा होतो, जुना स्टॉक घेताना बनवल्याची तारीख बघा. उतार मोजायचा काटा बर्फात फिरणाऱ्याला खरंच उपयोगी, कारण हिमस्खलनाचा धोका उताराच्या कोनाशी जोडलेला असतो. बाकी थर्मामीटर, शिट्टी, काड्या पेटवायची सोय असं जे एकाच कंपासमध्ये ठासून भरलेलं असतं त्यावर जाऊ नका, खर्च सुईवर व्हायला हवा होता तो दुसरीकडे गेलेला असतो.

घेतल्यावर सगळ्यात मोठा शत्रू चुंबकच. फोनची कव्हरं, कानातल्या इअरफोनची डबी, जॅकेटची आणि हातमोज्यांची चुंबकी बटणं, पाण्याच्या पिशवीची नळी छातीच्या पट्ट्याला चिकटवून ठेवणारी क्लिप, ही क्लिप तर नेमकी जिथे आपण कंपास धरतो तिथेच असते. ठेवताना कंपास यांच्यापासून लांब, आणि वापरताना फोन निदान अर्धा मीटर लांब. गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरून बेअरिंग घेणारे मी खूप बघितलेत, गाडीपासून १५-२० मीटर लांब जाऊन घ्या. अमेरिकी लष्कराच्या शिकवणीत उच्च दाबाच्या विजेच्या तारांपासून ५५ मीटर लांब राहायला सांगतात. काही काळ्या ज्वालामुखीय खडकात मॅग्नेटाइट हे लोखंडाचं चुंबकी खनिज असतं, तिथे सुई खडकाजवळ एक दाखवते आणि दहा पावलं लांब दुसरं, शंका आली तर जागा बदलून पुन्हा वाचायचं. दोन कंपास एकत्र ठेवले तर ते पण एकमेकांना ओढतात, म्हणून जास्तीचा छोटा कंपास असेल तर तो दुसऱ्या खिशात, एका चुंबकानं दोन्ही एकदम बिघडू नयेत.

डास पळवायचं डीट असलेलं मलम हाताला लावून लगेच कंपास धरू नका, डीट बऱ्याच प्लॅस्टिकला खातं, पट्टी पांढुरकी होते आणि छापलेले आकडे पुसले जातात. उन्हात तापलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवला तर द्रव फुगून डबीला ताण येतो.

आणि प्रत्येक वेळी निघायच्या आधी एकदा तरी ओळखीच्या दिशेशी लाल टोक जुळवून बघायचं, माझी ती चाळीस मिनिटं एवढ्यानंच वाचली असती. उत्तर गोलार्धात असाल तर आदल्या रात्री ध्रुवतारा बघा, तो खऱ्या उत्तरेपासून १ अंशाच्या आत असतो, त्याच्याकडे तोंड करून सुई वाचा, सुई आणि तारा यांच्यात तिथल्या डिक्लिनेशनएवढाच फरक दिसायला हवा. सुई उलटी झाली असेल तर हे लगेच कळतं. ताकदवान चुंबक एका दिशेनं घासून तिला परत सरळ करता येते, पण अशी सुधारलेली सुई मी पुन्हा किल्लीच्या चाचणीतून काढल्याशिवाय वापरत नाही.

हात बसायला एक खेळ करा. मोकळ्या मैदानात एक काठी रोवा, ४० अंशांवर शंभर पावलं चाला, मग १६० अंशांवर शंभर, मग २८० अंशांवर शंभर. त्रिकोण पूर्ण होऊन तुम्ही काठीपाशी यायला हवं. यात कंपासची कायमची चूक कळत नाही कारण तिन्ही बाजू सारख्याच फिरतात, पण तुम्ही तो कसा धरता, चालताना नजर कुठे ठेवता, पावलं किती सारखी पडतात हे सगळं कळतं. सुईकडे बघत चालू नका, सुईनं दाखवलेल्या रेषेत लांबचं एखादं झुडूप धरा, तिथपर्यंत जा, मग पुढचं धरा. तिसरी बाजू संपली की थांबा आणि काठी किती पावलं लांब आहे ते मोजून वहीत तारखेसकट लिहा.